औद्योगिक वसाहतीचा पैसा : आवक आणि जावक



गावच्या पठारावर औद्योगिक वसाहत उभी राहिली म्हणजे गावकऱ्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो नोकऱ्यांचा. दुसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो, आणि विचारला तरी त्याचे उत्तर सहसा अर्धवट मिळते. या वसाहतीसाठी लागणारा पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, हा तो प्रश्न होय. पंच, तलाठी व शिक्षक या तिघांकडेही लोक अशा शंका घेऊन येतात. म्हणून त्याचा काहीसा तपशिलात विचार करणे उचित ठरेल.

गोमंतकाला हा विषय तसा नवा नाही. येथील गावकरी संस्था, ज्यांना पोर्तुगीज अमदानीत कोमुनिदाद हे नाव मिळाले, त्या आपापल्या गावापुरत्या अर्थसंस्थाच होत्या. भातशेतीची पावणी दर तीन वर्षांनी होई. येणाऱ्या रकमेतून खाजनाचे बांध, मानशींची डागडुजी, उत्सव आणि गावची इतर कामे भागविली जात, आणि उरलेली रक्कम गावकारांना जोण म्हणून वाटली जाई. बांध आधी, जोण मागून, असा हा क्रम होता. शिवाय जमीन तीन वर्षांसाठीच दिलेली असल्याने पुढच्या पावणीला उत्पन्न पुन्हा हाती येई. ही गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

मुक्तीनंतर चारच वर्षांनी, १९६५ साली, गोवा, दमण व दीव औद्योगिक विकास कायदा संमत झाला आणि १९६६ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. आज मडगाव, कुंडई, डिचोली, तुये, वेर्णा, कुंकळ्ळी अशा वीसहून अधिक वसाहती त्याच्याकडे आहेत. शासकीय अनुदान व कर्ज या दोन वाटा कायद्याने खुल्या ठेवल्या आहेत. तथापि अशा महामंडळाचा खरा आधार म्हणजे जमीन. ती संपादन करावयाची, रस्ते, गटारे, जलवाहिन्या व दिवे यांची सोय करावयाची आणि भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने उद्योजकांना द्यावयाचे. भूखंड देताना जी मोठी रक्कम एकदाच घेतली जाते तिला अधिमूल्य म्हणतात. पुढे दरवर्षी येते ते भाडे, आणि ते अधिमूल्याच्या मानाने अगदीच अल्प असते. भूखंड एकाकडून दुसऱ्याकडे गेल्यास हस्तांतर शुल्क मिळते. ठेवींवरील व्याज ही आणखी एक बाब.

आता भूखंडाचा दर कसा ठरतो ते पाहू. एक कल्पित उदाहरण घेऊ. एक लाख चौरस मीटर जमीन चौरस मीटरला ४० रुपयांनी संपादन केली आणि विकासावर प्रत्येकी ६० रुपये खर्च केले, तर एकूण खर्च एक कोटी रुपये. परंतु सर्वच जमीन भूखंडांसाठी उरत नाही. रस्ते व मोकळ्या जागा यांत एक तृतीयांश गेली असे धरले, तर भूखंडांना सुमारे ६७ हजार चौरस मीटर उरतात. म्हणजे केवळ खर्च भरून निघण्यासाठी चौरस मीटरला १५० रुपये दर लावावा लागेल. ‘आमच्याकडून ४० रुपयांनी घेतली आणि १५० ला दिली’ ही गावातील तक्रार समजण्यासारखी आहे. मात्र त्या फरकाला सरसकट नफा म्हणता येणार नाही.

हिशेब येथेच संपत नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार जमीनमालकाला निवाड्याविरुद्ध न्यायालयात दाद मागता येत असे. न्यायालयाने दर वाढविला तर वाढीव रकमेवर, १९८४ च्या दुरुस्तीनंतर, ३० टक्के दिलासा रक्कम आणि पहिल्या वर्षासाठी ९ टक्के व नंतर १५ टक्के व्याज देणे भाग पडे. दावा दहा वर्षे चालला, तर व्याजच मुद्दलाहून अधिक होई. तोपर्यंत भूखंड जुन्या दराने देऊन झालेले असत. जमीनमालकाला न्याय्य भाव मिळालाच पाहिजे, यात वाद नाही. पण तो आरंभीच मिळाला असता, तर जमीनमालकाचे हेलपाटे वाचले असते आणि महामंडळावरही भार पडला नसता. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा अमलात आला, त्यात मोबदला आरंभीच वाढवून देण्याची तरतूद आहे.

अधिमूल्य हाती आले म्हणजे ते आपलेच झाले असे समजणे किती महाग पडू शकते, हे विशेष आर्थिक क्षेत्रांच्या प्रकरणाने दाखवून दिले. २००६ च्या सुमारास केरी, वेर्णा आदी ठिकाणी सुमारे ३८ लाख चौरस मीटर जमीन सात प्रवर्तकांना देण्यात आली. लोकांचा तीव्र विरोध झाला, आणि २००७ च्या अखेरीस शासनाने ही क्षेत्रे रद्द करण्याचा निर्णय जाहीर केला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने भूखंडवाटप रद्दबातल ठरविले. शेवटी २०१८ साली तडजोड होऊन जमीन परत घेण्याचे ठरले. प्रवर्तकांनी भरलेली मूळ रक्कम होती सुमारे १३३ कोटी रुपये. परतफेडीचा आकडा व्याजासह सुमारे २५६ कोटींवर गेला. वादाचा निकाल लागेपर्यंत अशी जमा ही वस्तुतः कर्जच असते, आणि तिच्यावर व्याज चढत असते.

१९७५ मध्ये स्थापन झालेल्या आर्थिक विकास महामंडळाची रीत वेगळी आहे. ती कंपनी कायद्याखालील संस्था. भागभांडवल व कर्ज उभारून उद्योजकांना कर्ज देते. मुख्यमंत्री रोजगार योजनाही तिच्यामार्फत चालते. तिचा पैसा परत येतो, अर्थात कर्जदाराने हप्ते भरले तर. पणजीचा पाटो प्लाझा याच संस्थेने विकसित केला, आणि औद्योगिक विकास महामंडळाचे मुख्य कार्यालयही तेथेच आहे !

गावाच्या दृष्टीने कळीचा मुद्दा असा की अधिमूल्य व भाडे महामंडळाच्या निधीत जाते, ग्रामपंचायतीच्या नव्हे. पंचायतीचे करांचे उत्पन्न १९९४ च्या पंचायत राज कायद्याप्रमाणे वेगळे असते. म्हणून वसाहतीतील रस्त्याची तक्रार पंचायतीकडे आणि गावातील कचऱ्याची तक्रार महामंडळाकडे नेल्यास दोन्हीकडून रिकाम्या हाती परतावे लागते.

भूखंड भरेपर्यंत महामंडळाकडे अधिमूल्य येत राहते. भूखंड संपले की ते थांबते. रस्त्यांचे डांबरीकरण, दिव्यांचे बिल आणि कर्मचाऱ्यांचे वेतन मात्र थांबत नाही. तेव्हा कोणत्याही वसाहतीसंबंधी तीन आकडे विचारावेत : दरवर्षी नियमाने येणारे भाडे व शुल्क किती, दरवर्षीचा देखभालीचा खर्च किती, आणि न्यायालयात प्रलंबित असलेल्या मोबदल्यासाठी वेगळी ठेव राखली आहे काय. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यान्वये जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करून हे आकडे कोणाही नागरिकास मागता येतात. अर्ज साध्या कागदावर, मराठीतही चालतो. वसाहतीचे नाव व कोणत्या वर्षाचे आकडे हवेत ते स्पष्ट लिहावे.