उकळत्या चिखलाची वाट

जपानला जाऊन आले म्हटलं की लोक बुलेट ट्रेन आणि चेरीच्या फुलांबद्दल विचारतात. मी आज तुम्हाला पार उत्तरेला, होक्काइदो बेटावर नेणार आहे.

तिथं आकान सरोवराच्या काठानं जंगलातून एक छोटीशी पायवाट जाते. टोकाला राखाडी चिखल बुडबुडत असतो. खाली ज्वालामुखीची धग. आजूबाजूला बर्फ साचलं तरी इथं ते टिकत नाही. जागेचं नाव बोक्के. हा शब्द जपानी नव्हे, ऐनू भाषेतला. मूळ अर्थ 'उकळणं'.

आमच्या गाइड ऐनू होत्या, माझ्या आईच्या वयाच्या. जंगलात शिरण्याआधी त्या थांबल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी म्हणाल्या. परवानगी मागत होत्या. ऐनूंच्या लेखी आग, घुबड, अस्वल हे सगळे कामुय, म्हणजे देव. अस्वल तर मांस आणि कातडं घेऊन माणसाकडे आलेला पाहुणा.

एका झाडापाशी त्यांनी खोडावरून हात फिरवला. याच्या आतल्या सालीचं कापड होतं, आत्तुश. पूर्ण साल सोलायची नाही, एक पट्टा काढायचा. झाड जगलं पाहिजे. मग ती साल गरम झऱ्यात नाहीतर तळ्यात कित्येक दिवस भिजवायची, पापुद्रे सोडवायचे, दोरा वळायचा. वल्कलं मी फक्त रामायणात ऐकली होती! आणि ज्या गरम पाण्यात आपण पाठ शेकायला जातो, ते यांच्या कामाचं पाणी.

इथं मी एक मूर्खपणा केला. विचारलं, "तुम्ही अजून तसंच राहता का?" त्या हसल्या. घरी वॉशिंग मशीन आहे म्हणाल्या. मग म्हणाल्या, आजीला भाषा येत होती, पण तिनं ती मुलांना मुद्दाम शिकवली नाही.

का, ते कळायला थोडा इतिहास हवा. १८६९ साली जपाननं हे बेट आपल्यात घेऊन त्याला होक्काइदो नाव दिलं. पुढे नदीतला सामन मासा धरायला बंदी आली. १८९९ च्या कायद्यानं शिकारी-कोळी लोकांना शेतकरी बनवायचं ठरवलं, शाळेत जपानी. हा कायदा रद्द झाला १९९७ साली! कायद्यानं त्यांना मूलनिवासी म्हटलं ते २०१९ मध्ये. सामनसाठी परवानगी मात्र आजही काढावी लागते. नुसतं नाव देऊन हात झटकणं मला पटत नाही.

भाषा तरीही उरली, कारण कुणीतरी लिहून ठेवली. गरम झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या नोबोरिबेत्सुला १९०३ साली जन्मलेल्या चिरी युकिए या मुलीनं देवांची गाणी रोमन लिपीत उतरवली, शेजारी जपानी अनुवाद दिला. १९२२ मध्ये ती गेली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी. पुस्तक आलं पुढच्या वर्षी. त्या गावाच्या नावातलं 'बेत्सु' म्हणजे ऐनू 'पेत', नदी. होक्काइदोच्या नकाशावर हे 'बेत्सु' जागोजागी भेटतं.

परतताना गाइडबाईंनी पिशवीतून मुक्कुरी काढलं. बांबूची पट्टी, तोंडाशी धरून दोरी ओढायची. त्यांनी वाजवलं तर थेट त्या चिखलासारखा आवाज. मग माझ्या हातात दिलं. मी दहा वेळा दोरी ओढली, आवाज काही निघाला नाही. त्या म्हणाल्या, "घरी घेऊन जा, सराव करा." अजून करतेय.