गाडीचा अल्टरनेटर घरी बदलताना

इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून गाडीची विजेची गरज भागवणारे आणि बॅटरी चार्ज करणारे यंत्र म्हणजे अल्टरनेटर. त्यात निर्माण होणारी प्रत्यावर्ती, म्हणजे सतत दिशा बदलणारी, वीज आतले डायोड एकदिश करतात आणि रेग्युलेटर हा भाग तिचा दाब मर्यादेत राखतो. डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागला की अल्टरनेटरच गेला असे मानले जाते, परंतु सैल पट्टा किंवा टर्मिनलवर साचलेला पांढरट-हिरवट क्षार हेही कारण असू शकते, म्हणून खर्च करण्यापूर्वी मल्टिमीटर लावावा: इंजिन बंद असताना पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे 12.6 व्होल्ट दाखवते, आणि इंजिन सुरू केल्यावर बहुतेक गाड्यांत हा आकडा 13.8 ते 14.5 पर्यंत चढायला हवा. चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून पाहण्याची जुनी पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी, कारण त्या क्षणी उसळणारा दाब इलेक्ट्रॉनिक भाग जाळू शकतो.

कामाच्या आरंभी बॅटरीचे ऋण टर्मिनल सोडवणे अनिवार्य आहे, कारण अल्टरनेटरमागची जाड वायर चावी बंद असतानाही थेट बॅटरीशी जोडलेली असते आणि पाना तिला व इंजिनाच्या धातूला एकदमच टेकला तर ठिणग्या उडून हात भाजतो. पट्टा उतरवण्यापूर्वी त्याच्या मार्गाचे छायाचित्र घ्यावे, आणि जुना व नवा नग शेजारी ठेवून पुली, बोल्टची छिद्रे व प्लग जुळवून पाहावेत. ऋण टर्मिनल सर्वांत शेवटी जोडून पुन्हा व्होल्ट मोजावेत.