छातीवरची मूठ



मी जयपूरला राहतो. जयपूरला समुद्र नाही. द्रव्यवती म्हणून जी नदी आहे, तिला अगदी परवापर्यंत लोक अमानीशाहचा नाला म्हणत. पाणी बघायचं तर जलमहालासमोर उभं राहायचं, नाहीतर आमेरला जाऊन पन्ना-मीणा कुंडाच्या पायऱ्या वरून मोजायच्या. अशा गावातला माणूस समुद्रात बुडी मारण्याबद्दल बोलायला बसला, म्हणजे तुम्हाला नवल वाटणारच. पण माझं मूळ गाव मालवणच्या बाजूचं. नोकरीपायी राजस्थानात सत्तावीस वर्षं गेली आणि पन्नाशी उलटल्यावर लक्षात आलं, की आपल्या गावासमोरचा समुद्र आपण आजवर फक्त वरूनच पाहिलाय. म्हणून स्कूबा शिकायला गेलो. आज मात्र मी माशांबद्दल किंवा प्रवाळाबद्दल बोलणार नाही. पित्ताबद्दल बोलणार आहे.

पित्ताला आपल्या घरांतून कुणी आजार मानतच नाही. ‘त्यांना पित्त आहे’ हे आपण ‘त्यांना चष्मा आहे’ इतक्या सहज सांगतो. खरं म्हणजे घशाशी येतं ते पित्त नव्हेच. पित्त यकृतात तयार होतं. छातीत जळजळतं ते जठरातलं आम्ल. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं, झडपेसारखं. ते सैल पडलं की खालचं वर येतं. पण शब्द काही बदलत नाही. माझ्या आजीला पित्त होतं, वडिलांना होतं, मलाही आहे.

तर स्कूबाच्या वर्गात नाव घालताना एक प्रश्नावली भरावी लागते. दमा आहे का, हृदयविकार आहे का, फिट येते का, असं सगळं. जगभर वापरल्या जाणाऱ्या त्या छापील फॉर्ममध्ये पोटाच्या तक्रारींच्या रकान्यात वारंवार होणारी जळजळ, अन्न घशाशी येणं, हेही विचारलेलं असतं. ‘हो’ म्हटलं की डॉक्टरांची सही आणावी लागते. मी ‘नाही’वर खूण केली. मला ते खोटं बोलणंही वाटलं नाही. पित्त कुणाला नसतं?

मरुसागर एक्सप्रेस अजमेरहून निघते आणि जयपूरवरून कोकण रेल्वेच्या मार्गानं एर्नाकुलमला जाते. माझ्यासाठी ती माहेरची गाडी. निघताना ओळखीच्या एका घरून कांद्याच्या कचोऱ्यांचा डबा आला होता. जयपूरची कांदा-कचोरी ज्यांनी खाल्ली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हाताला तेल लागतं, नाकाला हिंग लागतो आणि एकीवर कुणी थांबत नाही. मी दोन दिवस पुरवून पुरवून खाल्ल्या. शेवटच्या दोन उरल्या त्या बुडीच्या दिवशी सकाळी, वर कडक चहा. मग बोटीवर चढण्याआधी पोट जड वाटलं म्हणून फसफसणाऱ्या चूर्णाची पुडी पाण्यात घालून प्यायलो. एक ढेकर आली, बरं वाटलं.

आमची होडी सिंधुदुर्ग किल्ल्याला वळसा घालून थांबली. या किल्ल्याकडे पाहिलं की मला जयपूर आठवतं, त्याला कारण आहे. 1664 साली शिवाजी महाराजांनी याच्या बांधकामाला हात घातला आणि पुढच्याच वर्षी आमेरचे मिर्झाराजे जयसिंह पुरंदराला वेढा घालून बसले. मी ज्यांच्या मुलखात भाकरी मिळवतो ते तिकडून आले होते आणि मी तिकडूनच परत येऊन या तटाखाली रबरी कपडे घालून बसलो होतो. असो.

नऊ मीटरवर आम्ही आडवे होऊन पोहत होतो. एक मोठा गोबरा मासा कपारीतून तोंड बाहेर काढून बघत होता. आणि छातीच्या हाडामागे निखारा ठेवल्यासारखं झालं. पाठोपाठ घशाशी आंबट, कांद्याच्या वासाचं काहीतरी आलं. जमिनीवर असतो तर उठून बसलो असतो, दोन घोट पाणी प्यायलो असतो. इथे तोंडात श्वास घ्यायचा रेग्युलेटर, भोवती पाणीच पाणी आणि प्यायला एक घोट नाही. मी मूठ वळून छातीवर ठेवली. प्रशिक्षकाला कळावं, की इथे जळतंय.

पाण्याखालच्या खुणांच्या भाषेत छातीवर मूठ ठेवणं म्हणजे ‘माझी हवा संपत आली आहे’. तो पोरगा विजेसारखा आला, माझा हवेचा मीटर हातात घेतला, पाहिला. 120 बार. भरपूर हवा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी पुन्हा मूठ छातीवर आपटली. त्यानं पुन्हा मीटर पाहिला. मग स्वतःचा जादा रेग्युलेटर माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. मास्कमागचे त्याचे डोळे मला अजून आठवतात. तेवढ्यात मला खोकला आला, आणि त्यानं एका हातानं माझा रेग्युलेटर तोंडावर घट्ट दाबून धरला, दुसऱ्या हातानं दंड धरला आणि आम्ही सावकाश वर आलो.

वर आल्यावर त्यानं आधी श्वास नीट चाललाय ना ते पाहिलं, छातीत दुखतंय का, हात जड झालाय का, हे विचारलं. मग म्हणाला, “काका, सकाळी काय खाल्लास?”

मी कचोरी म्हटलं. त्याला ती माहीत नव्हती. मी समजावून सांगितली. तो बराच वेळ काही बोलला नाही.

त्यानं रेग्युलेटर दाबून का धरला, ते मला नंतर कळलं. पाण्याखाली उलटी झाली तरी रेग्युलेटर तोंडातून काढायचा नसतो. त्यातूनच होऊ द्यायची, मग बटण दाबून तो साफ करायचा किंवा जादाचा तोंडात घ्यायचा. कारण खोकला किंवा उलटी झाली की माणूस पुढच्याच क्षणी खोल श्वास ओढतो, आणि तेव्हा तोंड उघडं असलं तर फुप्फुसात जातं ते समुद्राचं पाणी. शिवाय घाबरून श्वास रोखून वर धावलं, तर आत प्रसरण पावणाऱ्या हवेनं फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे माझी जळजळ स्वतः फार मोठी नव्हती. तिच्या मागोमाग जे घडू शकलं असतं ते मोठं होतं.

आता हे पाण्याखालीच इतकं का खवळतं? जमिनीवर आपण उभे असतो किंवा बसलेले, आणि आम्ल आपल्याच वजनानं खाली राहतं. पाण्यात बराच वेळ आडवं, कधी डोकं खाली, पाय वर. त्यात अंगाला चिकटलेला वेटसूट आणि पोटावर आवळलेला शिशाच्या वजनांचा पट्टा. जेवून लगेच पोटाला दोरी बांधून झोपा, तसंच हे. सिलिंडरमधली हवा कोरडी असते, तोंड सुकतं, आणि आम्ल धुऊन नेणारी लाळ कमी पडते. कान मोकळे करायला नाक दाबून गिळण्याची जी युक्ती असते, तिच्यात दरवेळी थोडी हवा पोटात जाते. दहा मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. तिथे गिळलेली अर्धा लिटर हवा वर येईपर्यंत एक लिटर होते. ती वाट काढतेच, आणि येताना आम्ल सोबत आणते. माझ्या फसफसणाऱ्या पुडीतल्या वायूचं तसं नव्हतं, तो वरूनच नेलेला, खाली आक्रसला असणार. पण डोकं खाली असताना आलेली ढेकर कोरडी थोडीच येते? बुडीआधी सोडा नको, ही गोष्ट मी त्या दिवशी शिकलो.

जयपूरला परतल्यावर डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी माझा ईसीजी काढला, मला राग आला. पण पन्नाशीच्या माणसाची छातीतली जळजळ पोटाची की हृदयाची, हे त्याच्या सांगण्यावर सोडता येत नाही, हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं. मग रोज सकाळी न्याहारीआधी अर्धा तास घ्यायची गोळी दिली. ही गोळी आम्ल तयार होणंच कमी करते. आग लागल्यावर घ्यायचं औषध ते नव्हे. गिळताना घास अडकत असेल, वजन उगाच उतरत असेल, शौचाला काळी होत असेल, तर बुडीचं नाव काढू नका, असंही त्यांनी बजावलं. आणि ज्यांनी ही झडप शस्त्रक्रियेनं आवळून घेतली आहे, त्यांनी तर पाणबुड्यांच्या प्रकृतीची माहिती असलेला डॉक्टर गाठल्याशिवाय पाण्यात उतरू नये. त्यांच्यातल्या अनेकांना ढेकर नीट देता येत नाही, आणि वर येताना फुगलेल्या हवेला वाट मिळाली नाही तर जठर फाटल्याच्या नोंदीही आहेत. विरळा, पण आहेत. उलट बाजूही सांगतो. बुडीनंतर छातीत दुखू लागलं, धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, तर त्याला पित्त म्हणून घरी झोपू नका. तिथे प्राणवायू आणि इस्पितळ लागतं.

पुढच्या हंगामात फॉर्मवर ‘हो’वर खूण केली, डॉक्टरांची सही जोडली. तोच पोरगा भेटला. आता माझी वजनं पोटावरच्या पट्ट्यात नसतात, जॅकेटच्या खिशांत असतात. वेटसूट एका मापानं मोठा. मी डोकं खाली करून सूर मारत नाही, दोरीला धरून पाय खाली ठेवून उतरतो, आणि कान मोकळे करताना गिळत नाही. दोन बुड्यांच्या मधल्या तासात सगळे बटाटेवडे खातात, तेव्हा मी केळं खातो आणि फिन्स उचलायलासुद्धा वाकत नाही, उकिडवा बसतो. दिसायला विनोदी दिसतं. पेपरमिंटच्या गोळ्या मात्र सोडाव्या लागल्या, पुदिन्यानं ती झडप आणखी ढिली पडते. सोलकढीवर लोकांची श्रद्धा आहे, माझीही आहे, पण ती रात्रीच्या जेवणात.

उपाशी उतरणंही वाईट. होडी हलते, रिकामं पोट ढवळतं. बुडीआधी दोन-अडीच तास मी काय खातो, तर उकड्या तांदळाची पेज. मीठ घालून, थोडी कोमट. लहानपणी आजी ताप आला की देई, म्हणून मला ती आवडत नसे. पहिल्यांदा प्रशिक्षकाच्याच घरी प्यायलो, त्याची आईच रोज करते. तो रोज चार-चार वेळा पाण्यात उतरतो आणि पहाटे पेजेशिवाय दुसरं काही पोटात घालत नाही. पेजेचं हे त्याला पाणबुड्यांच्या कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आम्ही दोघांनी एक खूण ठरवून ठेवली आहे. तळहात आडवा धरून हलवायचा, म्हणजे काहीतरी बिघडलंय, आणि मग बोट पोटाकडे. मूठ नाही. गेल्या वेळी अकरा मीटरवर ती एकदाच वापरली. त्यानं मला उभं केलं, दोन मिनिटं तसेच तरंगत राहिलो, आणि आम्ल खाली गेलं. गोबरा त्याच कपारीत होता, किंवा त्याचा भाऊ असेल.

परत जयपूरला उतरलो तेव्हा आधी स्टेशनबाहेर जाऊन एक कांदा-कचोरी घेतली. चटणीसकट. पावसाळा तोंडावर होता, चार महिने काही समुद्रात उतरायचं नव्हतं.