घरचें उटणें



नरकचतुर्दशीच्या पहांटे पाटावर बसून, डोळे चोळीत, आईच्या हातून अंगाला उटणें लावून घेतल्याची आठवण नाहीं असा मनुष्य आपल्याकडे विरळाच. परंतु वर्षांतून एकदां येणाऱ्या या पाहुण्याची आपण फारशी विचारपूस करीत नाहीं. बाजारांतून सुवासिक पुडी आणावी, वाटींत कालवावी, कीं सण साजरा झाला. उटणें घरीं कसें करावें, आणि करतांना कोठें जपावें, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

आमचा नगर जिल्हा, ज्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, तो बराचसा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेंत आहे. अकोल्याकडील डोंगराळ भाग सोडला तर पाऊस बेताचा, हिंवाळ्याची हवा कोरडी, आणि विहिरींचें पाणी बहुधा जड. जड पाण्यांत साबणाला फेस धड येत नाहीं आणि अंगावर चिकट साका बसतो. डाळीच्या पिठाचें तसें होत नाहीं. तें तेल शोषून घेतें, मळ धरतें आणि पाण्याबरोबर निघून जातें. दिवाळीला, म्हणजे थंडीच्या तोंडाशीं, तेल आणि उटणें यांची जोडी घालणाऱ्या पूर्वजांना आपल्या हवापाण्याची चांगली पारख होती.

वाग्भटानें अष्टांगहृदयांत दिनचर्येच्या अध्यायांत उद्वर्तनाचे गुण सांगितले आहेत. त्यानें कफ व मेद कमी होतात, अंग दृढ होतें व त्वचा नितळ होते, असें तो म्हणतो. आजचें शास्त्र निराळ्या शब्दांत बोलतें. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून तो आपोआप झडत असतो, आणि सुमारें चार आठवड्यांत त्याच्या जागीं खालून नवा थर येतो. जी पेशी निघावयास तयार आहे तिला निरोप देणें, हें उटण्याचें काम. जी तयार नाहीं तिला ओरबाडून काढलें तर त्वचेची आग होते.

आतां कृति. मसुरीची डाळ दोन वाट्या घेऊन पुसावी व कडक उन्हांत वाळवावी. काष्ठौषधींच्या दुकानांतून नागरमोथा, वाळा, गव्हला आणि कचोरा आणावा. प्रत्येकाची पूड दोन दोन चमचे पुरे. वाळ्याच्या मुळ्या चिवट असतात, म्हणून त्या अगोदर कात्रीनें बारीक कापून वाळवाव्या. आंबेहळद एक चमचा, वाळलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याच्या सालींची पूड दोन दोन चमचे घ्यावी. सर्व दळून वस्त्रगाळ करावें. चाळणीवर भागवूं नये. कापडांतून गाळलेलेंच खरें. चिमूटभर पूड मनगटाच्या आंतल्या बाजूस चोळून पाहावी. टोंचली तर पुन्हां दळावी. कोरड्या कांचेच्या बरणींत तें भरून ठेवावें आणि ओला चमचा त्यांत कधींहि घालूं नये. कालवलेलें उरलें तर टाकून द्यावें, कारण ओलें पीठ लवकर नासतें.

लावतांना प्रथम तिळाचें कोमट तेल अंगाला जिरवावें. पाव तासानें उटणें पाण्यांत, अंग फार कोरडें असल्यास दुधांत, सैलसर कालवून हलक्या हातानें फिरवावें व कोमट पाण्यानें धुवावें. आठवड्यांतून एकदां पुरे. तेलानें मोरी निसरडी होते, तेव्हां घरांतील वृद्धांना हात द्यावयास कोणी तरी जवळ असावें.

हल्लीं तेलांत साखर कालवून अंग घासण्याचीहि चाल निघाली आहे. आमचा जिल्हा साखर कारखान्यांचा. साखरेला आम्ही नांवें कशाला ठेवूं? पण साखरेचा दाणा विरघळेपर्यंत त्याच्या कडा बोंचतात. टांचांना ती चालेल. चेहऱ्याला लावूं नये.

आतां माझीच एक चूक सांगतें. एका दिवाळींत श्रीगोंद्याकडचीं रसरशीत लिंबें घरांत आलीं होतीं. रंग उजळतो असें ऐकलें होतें, म्हणून मीं उटण्यांत एक लिंबू पिळलें. माझा सात वर्षांचा नातू गडबडीनें कसेंबसें अंग धुऊन उजाडतांच अंगणांत पळाला, तो दुपारपर्यंत उन्हांतच. दुसऱ्या दिवशीं त्याच्या दंडावर लाल चट्टे उठले, मग फोड आले, आणि त्यांचे तपकिरी डाग पुष्कळ दिवस गेले नाहींत. डॉक्टरांनीं सांगितलें कीं लिंबाच्या रसांत अशीं द्रव्यें असतात कीं तीं अंगावर राहिलीं आणि वर ऊन पडलें तर त्वचा भाजते. बावचींतहि याच जातीचें द्रव्य असतें. तेव्हां कोणाच्या यादींत ती आढळली तर वैद्याच्या सल्ल्यावांचून घालूं नये. पोर रडत होतें, आणि मी मात्र मनाशीं म्हणत होतें, अगं, घरचेंच तर होतें सगळें!

घरचें म्हणजे निर्धोक, ही समजूत मीं त्या दिवशीं सोडली. तेव्हांपासून नवें उटणें केलें कीं प्रत्येकाच्या कोपराच्या आंतल्या बाजूस थोडें लावून एक दिवस वाट पाहतें. जखम, इसब किंवा पिकलेल्या पुटकुळ्या असतील तेथें तें लावीत नाहीं. तान्ह्या बाळाच्या अंगावरची लव जावी म्हणून पीठ चोळण्याची रीत अनेक घरांत आहे. ती सोडावी हें उत्तम. ती लव यथाकाल आपोआपच जाते, आणि बाळाची कोंवळी कातडी घांसणें सोसत नाहीं.

येत्या दिवाळीला बरणी भराल तेव्हां मुलांना जवळ बसवा. त्यांना वाळ्याचा वास घेऊं द्या, कापडांतून पीठ गाळूं द्या. आणि लावतांना हात हलका ठेवा.