मुलांना द्यायची जुनी वस्तू : उतरलेले नव्हे, दान!

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात महिला मंडळाच्या वतीने केलेले भाषण)

 

आजचा आमचा विषय आहे मुलांना द्यायच्या जुन्या वस्तू. त्या स्वच्छ कशा कराव्यात, कशात बांधाव्यात आणि कशा द्याव्यात. विषय ऐकून काही जणांना हसू आले असेल. वर्धापन दिनाला मोठमोठ्या विषयांवर भाषणे होतात, आणि ह्या बायका कागद नि दोऱ्याच्या गोष्टी काय सांगतात! पण जरा थांबा. आपल्या समाजात जुन्या कपड्याचा विषय कधीच लहान नव्हता.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात सेवा करणाऱ्या शूद्राला काय द्यावे ते सांगितले आहे. उष्टे अन्न द्यावे आणि जीर्ण वस्त्रे द्यावीत. म्हणजे जुना कपडा ही नुसती वस्तू नव्हती, ती माणसाची पायरी दाखवणारी खूण होती. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यातल्या महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मृत मांस सोडा, शिळ्या तुकड्यांसाठी लाचार होऊ नका, असे बजावले होते. डिसेंबरात स्त्रियांसमोर बोलताना लुगडे कसे नेसावे, अंगावर कोणते दागिने नसावेत, हेही सांगितले. महाड तेव्हा कुलाबा जिल्ह्यात, पण आपल्याला ते काय लांब? मंडणगड-खेडच्या वाड्यांपर्यंत ते वारे पोहोचलेच. म्हणून आपल्या घरातली म्हातारी माणसे "दुसऱ्याचं उतरलेलं अंगावर घालू नको" म्हणतात, ते उगीच नाही. त्यामागे पिढ्यांचा अपमान आहे, आणि तो नाकारण्याचे धाडसही आहे.

मग आज आम्ही जुन्या वस्तू मुलांना द्या असे का म्हणतो? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

पहिली गोष्ट, जुने म्हणजे हलके हे आपल्या धम्माने कधी मानले नाही. भिक्षूंच्या पांशुकूल चीवराची माहिती आपल्याला आहेच. उकिरड्यावर, वाटेवर टाकलेल्या चिंध्या गोळा करायच्या, धुवायच्या, रंगवायच्या आणि शिवून अंगावर घ्यायच्या. विनयपिटकात सांगितले आहे की मगधातली बांध घातलेली शेते पाहून भगवंतांनी आनंदाला विचारले, चीवराची शिवण अशी करता येईल का? आनंदाने तशी केली. आपल्या भाताच्या खाचरांकडे डोंगरावरून पाहा, म्हणजे चीवराचे तुकडे कसे जोडलेले असतात ते लगेच समजेल.

दुसरी गोष्टही आनंदाचीच. कोसंबीच्या उदेन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे चीवरे दान केली. राजाला शंका आली, एवढ्या वस्त्रांचे हे श्रमण करणार काय? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे विरली आहेत त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची पांघरुणे करू. ती जुनी झाली की गादीची खोळ, मग जमिनीवरचे अंथरूण, मग पायपुसणे, मग धूळ झाडायचे फडके. आणि तेही फाटले की? बारीक करून चिखलात मळू आणि जमीन सारवू! राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आणि आपल्या घरात वेगळे काय आहे? बाळ जन्माला आले की त्याच्या अंगाला पहिले लागते ते आजीच्या मऊ लुगड्याचे दुपटे. गोधडी तर जुन्या पातळांचीच. तिला कोणी उतरलेले म्हणत नाही. का म्हणत नाही? कारण ती देणाऱ्याच्या मनात घेणारा खाली नसतो. फरक आहे तो इथे, वस्तूच्या वयात नाही.

अंगुत्तर निकायात सत्पुरुषाच्या दानाची पाच लक्षणे आली आहेत. सत्पुरुष आदराने देतो, विचारपूर्वक देतो, स्वतःच्या हाताने देतो, टाकाऊ असेल ते देत नाही, आणि दिल्याचे चांगले फळ आहे हे जाणून देतो. आमच्या मते मुलांच्या भेटीसाठी ह्याहून चांगली नियमावली मिळणार नाही. आता एकेक प्रत्यक्षात कसे आणायचे ते बघू.

टाकाऊ ते द्यायचे नाही. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले, तेव्हा सगळीकडून मदत आली. अशा प्रत्येक संकटात चांगल्या मदतीबरोबर फाटक्या, मळक्या कपड्यांची बोचकीही येतात, हे आपण जाणतो. कपाट रिकामे करणे वेगळे आणि दान वेगळे. म्हणून कसोटी एकच. ही वस्तू मी माझ्या मुलाला, शेजारच्यांच्या देखत, देईन का? मनाने कचरले तर ती बाजूला ठेवा. आनंदाने सांगितलेली पायपुसण्याची वाट तिला मोकळी आहे.

विचारपूर्वक द्यायचे. आपल्या कोकणातल्या दमट हवेत पुस्तकांना बुरशी धरते, कसर लागते. मे महिन्याच्या उन्हात पाने उलगडून वाळवा, कोरड्या फडक्याने पुसा. कपड्यांची बटणे, चेन, काज तपासा, उसवलेले शिवून घ्या. कापडी बाहुली धुवून कडक उन्हात आतपर्यंत वाळू द्या. सावंतवाडीची पांगाऱ्याच्या लाकडाची खेळणी मात्र पाण्यात बुडवू नका, कोरड्या कापडाने पुसा. रंगाचे पोपडे निघणारे जुने खेळणे देऊच नका, त्यात शिसे असू शकते. तीन वर्षांखालच्या मुलाला सुटे बारीक भाग असलेले काही नको. बटणासारखा चपटा सेल पोटात गेला तर जिवावर बेतते, त्याचे झाकण स्क्रूने बंद होत नसेल तर ते खेळणे बाद. नव्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे आहे. त्याआधीच्या खेळण्यांची तपासणी आपल्यालाच करावी लागते. शाळेचे पुस्तक देताना ते चालू अभ्यासक्रमाचे आहे ना, हे आवृत्तीवरून बघा. पहिली ते आठवीची पुस्तके सरकारी आणि अनुदानित शाळांत मोफत मिळतात. खरी गरज असते ती नववीपासून पुढे. शब्दकोश, नकाशा, कंपासपेटी, गोष्टीची पुस्तके मात्र सर्वांनाच हवी असतात.

आदराने द्यायचे. आता आला बांधणीचा विषय. चकचकीत प्लास्टिकचा कागद नको, त्याचा शेवट पऱ्ह्यात नाहीतर समुद्रात होतो. जुन्या कॅलेंडरची पाने उलटी केली की पांढरा, जाड, सुरेख कागद मिळतो. मुलांनी त्यावर बोधिवृक्षाचे पान रंगवावे. चिकटवायला घरची खळ, बांधायला सुतळी किंवा जुन्या साडीचा काठ. वेडीवाकडी वस्तू असेल तर कापडाच्या चौकोनी तुकड्यात ठेवून समोरासमोरची टोके बांधा. जपानमध्ये अशा भेटीच्या कापडाला फुरोशिकी म्हणतात. आपण त्याला गाठोडे म्हणतो, एवढेच! ते कापडही पुन्हा वापरात येते. गाठ अशी मारा की लहान मुलाला स्वतः सोडता यावी. उघडण्याचा आनंद त्याचा आहे, तो मोठ्यांनी घेऊ नये.

पण इथे एक सावधगिरी. बांधायचे ते सन्मानासाठी, लपवण्यासाठी नाही. जुनी वस्तू नव्या खोक्यात घालून नवी म्हणून देणे हा चौथ्या शीलाचा भंग आहे. मुलांना ते कळतेच, आणि कळले की वस्तूपेक्षा आपल्या शब्दाची किंमत उतरते. त्यापेक्षा आत चिठ्ठी ठेवा : "हे पुस्तक मी सहावीत वाचले. मला आवडले. आता तुझी पाळी." नाव घालायचे की नाही ते देणाऱ्या मुलाने ठरवावे. अशी चिठ्ठी मिळाली की घेणाऱ्याला गरजू म्हणून मदत मिळाल्यासारखे वाटत नाही, पुढचा वाचक झाल्यासारखे वाटते.

स्वतःच्या हाताने द्यायचे. म्हणजे मुलांनी मुलांना. स्टेजवर "गरीब मुलांना वाटप" असे पुकारून नावे घ्यायची नाहीत, फोटो काढायचे नाहीत. प्रत्येक मुलाने एक वस्तू आणावी आणि एक न्यावी. ज्याच्याकडे वस्तू नाही त्याने कागद रंगवावे, चिठ्ठ्या लिहाव्यात. तोही देणाराच. मग ह्या विहारात नुसता घेणारा कोणी उरणार नाही. 'गूंज' ही १९९९ साली सुरू झालेली संस्था जुने कपडे फुकट वाटत नाही. गावकरी विहीर खोदतात, रस्ता करतात आणि त्या कामाचा मोबदला म्हणून ते घेतात. संस्थेचे अंशू गुप्ता यांना २०१५ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला. घेणाऱ्याची मान ताठ राहिली पाहिजे, हे सूत्र तेच.

आणि फळ जाणून द्यायचे. बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर, आपल्या रत्नागिरीतच जन्मलेले. त्यांनी नोंदवले आहे की न्यूयॉर्कला शिकत असताना बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार जुनी पुस्तके खरेदी केली होती. कोणाच्या तरी हातून उतरलेलीच ती पुस्तके! पण ती त्यांनी निवडून, पैसे मोजून घेतली होती, म्हणून त्यांत लाचारी नव्हती. आणखी एक भेट आठवा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ह्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेब सांगतात, इंग्रजी चौथी उत्तीर्ण झाल्यावर त्यांच्या सत्काराची सभा झाली आणि दादा केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. एका मुलाला, चारचौघांत, मानाने दिलेले एक पुस्तक. त्याचे फळ १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला साऱ्या जगाने पाहिले.

तेव्हा चाकरमानी बंधू-भगिनींना आमची विनंती आहे. पुढच्या मे महिन्यात येताना मुलांच्या वस्तू धुऊन, निवडून आणा. गाववाल्यांनी आपापल्या घरातल्या काढून ठेवाव्यात. शाळा जूनच्या मध्याला सुरू होतात, त्याआधी एका रविवारी विहारात सगळे मिळून बांधायला बसू. कात्री, सुतळी आणि खळ महिला मंडळ आणील. आणि बालमित्रांनो, चिठ्ठीत काय लिहायचे त्याचा विचार तुम्ही आजपासून करा.

इतके बोलून आम्ही थांबतो. भवतु सब्ब मंगलं. जयभीम!