कोर्टाची पहिली पायरी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण मराठी घरांत फार जुनी आहे. बांधावरून भांडणारे सख्खे भाऊ, तारखेमागून पडणारी तारीख, आणि निकाल लागेपर्यंत कैलासवासी झालेला मूळ वादी, हे सारे डोळ्यांनी पाहिलेल्या पिढ्यांनी ती म्हण घडविली. तथापि आज हीच पायरी चढता यावी म्हणून सतरा-अठरा वर्षांची हजारो मुले-मुली धडपडत आहेत. डिसेंबर महिन्यातील एका रविवारी, दुपारी दोन ते चार या वेळात, देशभरच्या केंद्रांवर ती एका परीक्षेला बसतात. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेशासाठी घेतली जाणारी ही सामाईक परीक्षा ‘क्लॅट’ या संक्षिप्त नावाने सर्वत्र ओळखली जाते. बसणाऱ्यांची संख्या साठ हजारांच्या वर. जागा मात्र थोड्या हजारच. तेव्हा ही परीक्षा काय पाहते, तिची तयारी कशी करावी, आणि तिचे दार कोणाला उघडते व कोणाला उघडत नाही, याचा विचार प्रत्येक पालकाने एकदा करावा इतका तो महत्त्वाचा आहे.

कायद्याच्या शिक्षणाला प्रवेशपरीक्षा असावी, ही कल्पनाच आपल्याकडे नवी आहे. मुंबईचे शासकीय विधी महाविद्यालय १८५५ साली सुरू झाले. १९३५ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याचे प्राचार्य झाले. पुण्याचे विधी महाविद्यालय १९२४ सालचे. या संस्थांनी मोठमोठे न्यायाधीश व वकील घडविले. परंतु एकंदरीने पाहता कायद्याचा वर्ग हा पदवीनंतरचा एक जोडधंदा मानला जाई. दिवसा कचेरीत नोकरी करावी, सकाळी किंवा संध्याकाळी वर्गात हजेरी लावावी, आणि दुसरे काही जमले नाही तर सनद घ्यावी, अशी अनेकांची रीत होती. दार सताड उघडे होते. म्हणूनच कदाचित त्याची किंमतही कमी होती.

हे चित्र पालटले ते बंगळूरच्या राष्ट्रीय विधी विद्यालयामुळे. कर्नाटक विधिमंडळाने १९८६ साली केलेल्या कायद्याने ते स्थापन झाले आणि १९८८ साली तेथे पहिला वर्ग भरला. संस्थापक संचालक एन. आर. माधव मेनन यांची दृष्टी अशी की, वैद्यक किंवा अभियांत्रिकी यांच्याप्रमाणे कायदाही बारावीनंतर, पाच वर्षे, पूर्ण वेळ शिकण्याचा विषय व्हावा. हा प्रयोग यशस्वी झाला. हैदराबाद, भोपाळ, कोलकाता, जोधपूर, रायपूर, गांधीनगर येथे तशाच संस्था निघाल्या. पण प्रत्येकीची परीक्षा वेगळी, शुल्क वेगळे. कधी दोन परीक्षा एकाच दिवशी. अखेर २००६ साली एका विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयाकडे दाद मागितली, आणि २००८ साली सात विद्यापीठांनी मिळून पहिली सामाईक परीक्षा घेतली. न्यायालयात जाण्याची वाट सुकर व्हावी म्हणून न्यायालयातच जावे लागले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे. २०१७ पासून या विद्यापीठांचा एक संघ आहे, आणि आज वीसहून अधिक विद्यापीठे या परीक्षेच्या छत्राखाली आली आहेत. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील महाराष्ट्राची तीनही विद्यापीठे त्यांत आहेत.

आता परीक्षेच्या अंतरंगाकडे वळावे. प्रश्न एकशेवीस, वेळ एकशेवीस मिनिटे. प्रत्येक बरोबर उत्तरास एक गुण, आणि चुकीच्या उत्तरास पाव गुण वजा. विषय पाच: इंग्रजी भाषा, चालू घडामोडी व सामान्यज्ञान, कायद्यासंबंधी तर्क, सर्वसाधारण तर्क, आणि शालेय पातळीचे अंकगणित. चालू घडामोडी व कायदा यांचा वाटा प्रत्येकी सुमारे एक-चतुर्थांश, इंग्रजी व तर्क यांचा प्रत्येकी सुमारे एक-पंचमांश. उरलेला दशांश गणिताचा. २०२० पासून या परीक्षेत एक मूलगामी बदल झाला. पूर्वी सुटे, पाठांतराच्या बळावर सुटणारे प्रश्न असत. आता बहुतेक सारे प्रश्न उताऱ्यांवर बेतलेले असतात. सुमारे साडेचारशे शब्दांचा उतारा वाचावा आणि त्यावरील प्रश्नांची उत्तरे त्याच्याच आधारे द्यावीत, अशी योजना आहे.

कायद्याच्या विभागाविषयी एक मोठा गैरसमज आढळतो. मुलांना दंडविधान पाठ हवे, कलमांचे आकडे मुखोद्गत हवेत, असे पालकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. उताऱ्यात नियम दिलेला असतो. विद्यार्थ्याने तो प्रसंगाला लावून दाखवावयाचा असतो. एक उदाहरण घ्यावे. नियम असा आहे, असे समजू: ‘दुकानात किंमत लावून वस्तू मांडणे हा विक्रीचा प्रस्ताव नव्हे, ते ग्राहकाला प्रस्ताव करण्याचे केवळ आमंत्रण होय. प्रस्ताव ग्राहक करतो. तो स्वीकारावा की नाकारावा, हे दुकानदाराने ठरवावे.’ आता प्रसंग पाहा. एका दुकानाच्या काचेआड पैठणी मांडलेली आहे आणि तिच्यावर नऊशे रुपयांची चिठ्ठी आहे. एक बाई आत जाऊन नऊशे रुपये पुढे करतात. दुकानदार ओशाळून म्हणतो, “बाई, चिठ्ठीवर एक शून्य राहून गेले, किंमत नऊ हजार आहे.” बाई म्हणतात, “लिहिलेल्या किमतीलाच द्यावी लागेल.” कोणाचे म्हणणे टिकेल?

मनाचा कौल बहुधा बाईंच्या बाजूने पडतो. लिहिले ते पाळावे, असे सर्वांनाच वाटते. पण दिलेल्या नियमानुसार बाईंनी केवळ प्रस्ताव केला, आणि तो नाकारण्यास दुकानदार मोकळा आहे. येथे थांबूनही चालत नाही. पुढचाच प्रश्न असा असू शकतो की, नियम उलटा असता, म्हणजे मांडणी हाच प्रस्ताव मानला असता, तर काय झाले असते? मग बाईंनी पैसे पुढे करताच करार पुरा झाला असता. प्रसंग तोच, माणसे तीच, पैठणीही तीच. नियम बदलला आणि निर्णय फिरला. आपल्याला काय वाटते आणि लिहिलेल्या शब्दांतून काय निघते, या दोहोंमधील अंतर ज्याला दिसले, त्याला या परीक्षेचे मर्म सापडले. वकिलीच्या साऱ्या आयुष्यात उपयोगी पडणारा हा पहिला धडा प्रवेशाच्या उंबरठ्यावरच गिरवून घेतला जातो, हे या परीक्षेचे खरे श्रेय होय.

तयारीची दिशा यावरून आपोआप ठरते. पहिले साधन वाचन. आणि तेही रोजचे. एका चांगल्या वृत्तपत्रातील अग्रलेख वाचावा, आणि मग कागद पुढे घेऊन तीन गोष्टी टिपाव्यात: लेखकाचे मुख्य प्रतिपादन कोणते, त्यासाठी त्याने कोणती कारणे दिली, आणि न बोलता त्याने कोणती गोष्ट गृहीत धरली. ही तिसरी गोष्ट शोधण्याची सवय लागली म्हणजे तर्काच्या विभागाची निम्मी भीती जाते. चालू घडामोडींसाठी वर्षभराची एक वही असावी. तीत केवळ नावे व तारखा न लिहिता घटनेमागचे कारणही एका ओळीत लिहावे; कारण ध्यानात राहिले की तारीख त्याच्या मागोमाग येते.

दुसरे साधन सराव. घड्याळ लावून दोन तास सोडविलेली एक जुनी प्रश्नपत्रिका ही नुसत्या वाचलेल्या दहा पुस्तकांहून अधिक शिकविते. परंतु सरावाचा खरा लाभ गुण मोजण्यात नसून चुका तपासण्यात आहे. उत्तर का चुकले? उतारा समजला नाही म्हणून, घाई झाली म्हणून, की स्वतःचे मत उताऱ्यात घुसडले म्हणून? या तीन रोगांची औषधे वेगवेगळी आहेत. जो विद्यार्थी सरावानंतर तितकाच वेळ चुकांच्या चिकित्सेस देतो, त्याची प्रगती निश्चित होते. आणि तिसरी गोष्ट संयमाची. चुकीला पाव गुण जात असल्यामुळे कोणता प्रश्न सोडून द्यावा, हे कळणे ही देखील एक विद्याच आहे. चांगला वकील प्रत्येक मुद्दा लढवीत बसत नाही. टिकेल तो मुद्दा तो उचलतो.

परीक्षेइतकीच काळजी अर्जाची घ्यावी लागते, आणि येथे हुशार मुलेही फसतात. विद्यापीठांचा पसंतिक्रम द्यावा लागतो. तो केवळ नावलौकिक पाहून न देता खर्च, अंतर आणि अधिवासाच्या जागा यांचा हिशेब करून द्यावा. बहुतेक विद्यापीठांत त्या त्या राज्यातील रहिवाशांसाठी काही जागा राखीव असतात. महाराष्ट्राबाहेर स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी हा मुद्दा विशेष लक्षात ठेवावा. इंदूरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या घरातील मुलगी बोलीने आणि सणावारांनी कितीही मराठी असली, तरी अधिवासाच्या दृष्टीने तिचा मार्ग मुंबईपेक्षा भोपाळला जवळचा आहे. हैदराबादच्या मुलाचा तसाच तेलंगणातील विद्यापीठाला. अधिवास, जात, उत्पन्न यांचे दाखले तहसील कचेरीतून मिळण्यास वेळ लागतो. निकाल हाती आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा ते आधीच काढून ठेवावेत. जागावाटपाच्या फेऱ्यांत मिळालेली जागा कायम करावी, की ती राखून वरच्या पसंतीची वाट पाहावी, हा निर्णय ठराविक मुदतीत घ्यावा लागतो, आणि मुदत चुकली की जागा जाते. मुदतीचे महत्त्व कायद्याच्या विद्यार्थ्याला दुसऱ्या कोणी का सांगावे?

येथवर झाले ते कौशल्याचे. परंतु दार कोणाला उघडते, हा प्रश्न उरतोच. परीक्षेचे शुल्क अलीकडच्या वर्षांत सर्वसाधारण वर्गासाठी चार हजार आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी साडेतीन हजार रुपये राहिले आहे. प्रवेश मिळाल्यावर वर्षाचा खर्च दोन-तीन लाखांच्या घरात जातो. शिकवणी-वर्गांचे शुल्क वेगळेच. आणि या सर्वांहून मोठा अडसर भाषेचा. ही परीक्षा आजवर इंग्रजीतूनच झाली आहे. मराठी शाळेत शिकलेल्या, तर्काने तल्लख अशा मुलाला पैठणीचा वाद मराठीत क्षणात उलगडेल. पण साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा त्याच्या बुद्धीची नव्हे, तर त्याच्या घरच्या परिस्थितीची परीक्षा घेतो. इतर भारतीय भाषांतूनही ही परीक्षा व्हावी, अशी मागणी २०२३ साली दिल्ली उच्च न्यायालयासमोर मांडण्यात आली. उच्च न्यायालयांचे व सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज मुख्यतः इंग्रजीत चालते, तेव्हा ती भाषा यावयास हवी, हे खरे. पण ती प्रवेशापूर्वीच यावी की पाच वर्षांत शिकविली जावी, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तालुक्याच्या न्यायालयात साक्ष देणारी शेतकरी बाई आपल्या बोलीत बोलते. तिचे दुःख समजणारा वकीलही समाजाला हवाच आहे.

परीक्षा उत्तीर्ण होणे आणि दार उघडणे या दोन गोष्टी एक नव्हेत, याची साक्ष इतिहास देतो. १८६६ साली नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, ऑक्सफर्डला गेल्या आणि १८९२ साली तेथील कायद्याची परीक्षा त्यांनी दिली. असे करणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुढे मुंबई विद्यापीठाची कायद्याची परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. परंतु स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा या देशात १९२३ साली झाला. मधली तीस वर्षे ज्ञान होते, योग्यता होती, परीक्षाही झाली होती. नव्हता तो केवळ प्रवेश. आजचा अडसर स्त्रीपुरुष भेदाचा नाही, पण पैशाचा आणि भाषेचा आहे. तो दूर करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. कायद्याचे अध्यापक शमनाद बशीर यांनी २०१० साली ‘आयडिया’ हा उपक्रम सुरू केला. वंचित घरांतील मुले हेरून त्यांना या परीक्षेसाठी तयार करणे हे त्याचे कार्य. २०१९ साली बशीर यांचे निधन झाले. त्यांच्या पश्चातही ते कार्य चालू राहिले.

ज्यांना हे दार उघडणार नाही, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाची विधी प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते, आणि तिच्या वाटेने राज्यातील जुनी-नवी विधी महाविद्यालये गाठता येतात. पदवीनंतरचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही आहेच. सनद मिळाल्यावर न्यायाधीश कोणाच्या विद्यापीठाचे नाव पाहून निकाल देत नाहीत. ते पुढ्यातला नियम आणि पुढ्यातला पुरावा पाहतात.

जुन्या म्हणीत शहाणपण होते, यात संशय नाही. परंतु काही माणसांना ती पायरी चढावीच लागते: बळकावलेल्या जमिनीच्या मालकाला, थकलेल्या मजुरीसाठी भांडणाऱ्या मजुराला, टाकून दिलेल्या पत्नीला. त्यांच्या सोबतीला कोणी शहाणा असावा, एवढ्याचसाठी ही सारी परीक्षा आहे. अर्ज भरणाऱ्या मुलाने आणि त्याच्या पाठीशी उभ्या असलेल्या घराने ही गोष्ट विसरू नये.