शाळेची वर्गणी आणि सरकारचे देणे

(पेण व रोहे तालुक्यांतील पालक, शिक्षक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा संक्षेप)



जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी लोकवर्गणी कशी उभारावी, याचा विचार करण्यास आपण जमलो आहोत. या उपक्रमाचे मी मनापासून स्वागत करतो. कोकणातल्या गावाला वर्गणी नवी नाही. गणेशोत्सव, पालखी, देवळाचा जीर्णोद्धार यांसाठी गावकरी आणि मुंबईची ग्रामस्थ मंडळे पदरमोड करीतच आली आहेत. तोच हात शाळेकडे वळला तर आनंदच आहे. परंतु ज्याचे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात गेले, त्याला एक प्रश्न टाळता येत नाही. वर्गणी आणि कर यांत भेद कोणता? ज्याच्यापाशी आहे त्याने स्वेच्छेने, बहुधा आपल्याच माणसांसाठी द्यावयाची ती वर्गणी. ज्याच्यापाशी आहे त्याच्याकडून कायद्याने घेऊन, ज्याच्यापाशी नाही त्याच्यापर्यंत पोहोचवावयाचा तो कर. वर्गणी कराची जागा घेऊ लागली, की मुलाचे शिक्षण गावाच्या ऐपतीवर अवलंबून राहते.

हा वाद जुना आहे. मुंबई इलाख्यात १८६९ च्या कायद्याने जमीन महसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंड वसूल होऊ लागला. त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी होता. म्हणजे गावच्या शाळेचा खर्च कुळवाडी आपल्या घामातून आधीच भरीत होता. १८८२ मध्ये जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे नेमके हेच गाऱ्हाणे मांडले: पैसा रयतेचा आणि शिक्षण वरिष्ठ वर्गांचे. त्यांनी रयतेपाशी आणखी वर्गणी मागितली नाही. तिने भरलेल्या पैशाचा हिशेब सरकारपाशी मागितला.

लोकांच्या देणगीचा थोर आदर्शही आपल्याच महाराष्ट्रात आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि घराघरांतून मूठ मूठ धान्य गोळा करून गरिबांच्या मुलांना शिकविले. पण त्या काळी सरकारने हात झटकले होते, हे विसरू नये. संस्थेने काढलेल्या शेकडो ऐच्छिक प्राथमिक शाळा पुढे जिल्हा शाळा मंडळाकडे सोपविण्यात आल्या. लोकांनी आरंभ करावा आणि राज्याने भार उचलावा, हा क्रम योग्य होता. आज तो उलटा होऊ पाहत आहे, ही माझी चिंता आहे.

आपले दोन तालुके पाहा. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पेण तालुक्यात डोलवीचा पोलाद कारखाना आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १३५ व्या कलमानुसार ठरावीक मर्यादेपुढील कंपन्यांनी सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात, आणि त्यात कंपनीच्या परिसराला प्राधान्य द्यावे असे कायदाच म्हणतो. साहजिकच रंगविलेल्या भिंती आणि संगणक कारखान्यालगतच्या व रस्त्यालगतच्या शाळांत दिसतात. डोंगरावरच्या कातकरी वाडीला कारखाना नाही आणि मुंबईचे मंडळही नाही. तिथली कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात. मुलेही त्यांच्यामागून जातात. त्या वाडीने वर्गणी कोणाकडे मागावी? सरकारी अनुदानही पटावर ठरते. समग्र शिक्षेच्या २०२१ च्या निकषांप्रमाणे ३० पर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये मिळावयाचे, म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये. त्यातच स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती आणि साहित्य!

तेव्हा माझ्या तीन सूचना आहेत.

पहिली सूचना अशी की, जे कायद्याने सरकारचे देणे आहे त्यासाठी वर्गणी काढू नये. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. ६० पर्यंत मुलांना दोन शिक्षक, प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, खेळाचे साहित्य, इतकेच काय पण ग्रंथालयही त्याच्या परिशिष्टात आहे. रिक्त जागेवर गावाने मानधन देऊन एखादी मुलगी नेमली, की ती जागा भरण्याची निकड तालुक्याला उरत नाही. आपली सद्भावना अशा वेळी सरकारच्या कसुरीवर पांघरूण घालते. वर्गणी असावी ती त्यापुढच्या गोष्टींसाठी: तबला-पेटी, प्रयोगाची अवजारे, पेणच्या मूर्तिकारांच्या हाताखाली मातीकाम, गागोद्याला विनोबांच्या जन्मगावी सहल.

दुसरी सूचना सामाईक निधीची. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात अनेक वर्षे असा नियम होता, की शिक्षक नेमण्यासाठी पालकांनी जमविलेल्या रकमेतील पहिले १०,००० डॉलर सोडून उरलेल्याचा तिसरा हिस्सा सामाईक निधीत जावा आणि गरीब वस्तीतील शाळांना मिळावा. धनिक पालकांना तो नेहमीच रुचला असे नाही, पण त्यामागचे तत्त्व खरे होते. गागोद्याच्या विनोबांनी जमिनीचा सहावा हिस्सा मागितला. आपण वर्गणीचा तिसरा मागू. प्रत्येक केंद्रातील शाळांनी तो एकत्र करावा आणि पहिला हक्क वाड्यांवरील शाळांचा मानावा.

तिसरी सूचना हिशेबाची. पेणमध्ये हे अधिक सांगण्याची गरज नाही. २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आले आणि असंख्य सामान्य ठेवीदारांची पुंजी अडकली. विश्वासाने दिलेला पैसा देखरेखीविना कुठे जातो, हे या गावाने सोसले आहे. म्हणून प्रत्येक पावती ग्रामसभेत वाचली जावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही तिचीच कामे आहेत. सह्यांपुरत्या उरलेल्या या समित्या वर्गणीच्या निमित्ताने जाग्या झाल्या, तर जमलेल्या रुपयांपेक्षा तो लाभ मोठा ठरेल.

ज्याने शाळेला शंभर रुपये दिले, तो शाळेत डोकावतो. शिक्षक का नाही, असे विचारतो. वर्गणीचे खरे मोल या विचारण्यात आहे. म्हणून पावतीपुस्तकाबरोबर एक अर्जही घरोघर न्या. त्यात आपल्या शाळेला कायद्याने काय मिळावयास हवे आणि काय मिळालेले नाही, हे लिहा; त्यावर सह्या घ्या आणि तो जिल्हा परिषदेपुढे ठेवा. जो कातकरी बाप एक रुपयाही देऊ शकत नाही, त्याचा अंगठा त्या अर्जावर सर्वांत वर असू द्या.